साखीरचं आवळीभोजन

निसर्गाच्या कुशीत एक रात्र काढल्याशिवाय माणसाला स्वतःची खरी ओळख पटत नाही. हे वाक्य माझ्या वडिलांचं आहे, आणि ते त्यांनी बहरीनमधल्या सनाबिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये, एसी अठरावर ठेवून, गळ्यापर्यंत ब्लँकेट ओढून घेऊन उच्चारलं होतं. पुढे ते तिथल्या मराठी मंडळाच्या पत्रकात छापून आलं आणि त्याखाली त्यांचं नाव व हुद्दा आला, कारण बाबा त्या वर्षी मंडळाचे सांस्कृतिक कार्यवाह होते. कार्यवाह माणसाचं वाक्य सहसा वाया जात नाही.

या वाक्याचा उगम अमेरिकेत होता. बाबांचा चुलतभाऊ विनायक, आमचा विन्याकाका, तिकडे राहतो. त्याने ईमेलवर काही फोटो पाठवले होते. कुठल्याशा राष्ट्रीय अरण्यात तळ्याच्या काठी एक तंबू, तंबूसमोर एक चूल, चुलीपुढे उकिडवा बसलेला विन्याकाका. बाकी काही नाही. नळ नाही, दिवा नाही, संडास नाही, शेजारी नाही. याला इकडे प्रिमिटिव्ह कॅम्पिंग म्हणतात आणि त्यासाठी लोक आधीपासून सुट्ट्या काढून ठेवतात, असं त्याने खाली लिहिलं होतं. बाबांनी ते फोटो ऑफिसच्या रंगीत प्रिंटरवर छापून आणले आणि जेवणाच्या टेबलावर मांडले. त्यानंतरचे काही दिवस आम्हाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकावी लागली. विन्या लहानपणी अंधार पडल्यावर परसात जायला घाबरायचा आणि बाबांना त्याच्याबरोबर कंदील घेऊन उभं राहावं लागायचं. आई ते फोटो बाजूला सारून ताटं मांडायची. बहरीनमध्ये अरण्य नाही, तळंही नाही, हे तिने एकदा सांगून पाहिलं. अशा बारीकसारीक अडचणींवर कार्यवाह थांबत नाहीत.

आमचं घर तेव्हा चौथ्या मजल्यावर होतं. घराला स्वतःचे असे आवाज होते. हॉलमधल्या एसीची घरघर, खालच्या वर्कशॉपमधल्या पठाणाचा रेडिओ, मशिदीची बांग, आणि या सगळ्यांवर मात करणारी आईच्या कुकरची शिट्टी. बाबा एका बांधकाम कंपनीत अकाउंटंट होते आणि घरी आल्यावरही ताळेबंद जुळवल्यासारखे बोलत. आई चिपळूणची. ती बोलायची कमी, आणि जे बोलायची ते पोळी उलटताना, समोर न बघता. माशांच्या बाबतीत तिचं आणि बहरीनचं लगेच जमलं. झाडांच्या बाबतीत जमलं नाही. गॅलरीत तिने तुळस लावली, ती उन्हाळ्यात जळाली. कढीपत्ता लावला, तो रुसला. शेवटी तिने बहिणीच्या परसातल्या आवळ्याच्या बिया रुमालात बांधून आणल्या. बुदैयाच्या एका शेतावरून लेंडीखत घातलेली माती आणली आणि मोठ्या कुंडीत बिया पेरल्या. बरेच दिवस काहीच उगवलं नाही. मग एक दिवस उगवलं, आणि असं उगवलं की आई दारात येणाऱ्या प्रत्येकाला चपला काढायच्या आत गॅलरीत घेऊन जायला लागली. बारीक बारीक नाजूक पानं, हिरवीगार फांदी. तांदळाच्या धुवणावर ते झाड वर्षभरात कमरेएवढं झालं. त्याला काटे आले तेव्हा मी विचारलं, तर आई म्हणाली, "एकटं वाढलं परदेशात. येणारच काटे." ती विनोद करत होती की नाही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

माझी अडचण झाडांपेक्षा मोठी होती. मी दहावीत होते आणि बाबांनी मला अकरावीला साताऱ्याजवळच्या त्यांच्या जुन्या वसतिगृहात पाठवायचं मनात घेतलं होतं. त्या वसतिगृहाबद्दल ते ज्या आवाजात बोलत त्या आवाजात इतर लोक देवळाबद्दल बोलतात. पहाटे थंड पाण्याने अंघोळ. आपलं ताट आपण घासायचं. आमटी इतकी पातळ की तिच्यातून वाटीचा तळ दिसायचा. हे सगळं ते अभिमानाने सांगत, आणि आई दरवेळी विचारायची की ज्या आमटीतून तळ दिसतो ती आमटी मुलीला मुद्दाम का पाजायची. त्यावर बाबांचं उत्तर ठरलेलं होतं. इथे वाढणाऱ्या पोरांना ना धड मराठी येतं ना धड अरबी, आईने मराठीत हाक मारली तर ती इंग्रजीत ओ देतात, त्यांना स्वतःची माती नाही. मी मराठीत ओ देत होते. मंडळाच्या कपाटातली सगळी पुस्तकं वाचून झाली होती आणि काही दुसऱ्यांदा वाचायला घेतली होती. पण बाबांच्या सिद्धान्ताला माझा उपयोग नव्हता, म्हणून ते माझ्याकडे अपवाद म्हणून बघत.

मला जायचं नव्हतं. ईसा टाउनची शाळा, तिथपर्यंतची खडखडणारी बस, बसमधल्या मैत्रिणी, संध्याकाळी समुद्रावरून येणारा दमट वारा, हे सगळं मला माझं वाटत होतं, आणि जे आपलं आहे ते सोडून आपली माती शोधायला जायचं हे मला कळत नव्हतं. मी बरेच दिवस मुद्दा शोधत होते. एका जेवणाच्या वेळी तो सापडला. मी म्हटलं, "बाबा, आईचा आवळा इथे उगवला. इथलं पाणी पिऊन, इथल्या उन्हात वाढला. तरी आवळाच राहिला ना? मग मी इथे वाढले तर माझं काय बिघडणार आहे?" आईने माझ्या ताटात न मागता आणखी एक पोळी वाढली. बाबा म्हणाले, मुद्दा चांगला आहे, पण वक्तृत्वाने काही सिद्ध होत नाही. मग म्हणाले, "कॅम्पला बघू."

तोपर्यंत कॅम्पचं रूप ठरलं होतं. कार्तिक महिना होता. कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली बसून जेवायची आपल्याकडे पद्धत आहे. झाडाची पूजा करायची, खोडाला सूत गुंडाळायचं, मग पंगत. बाबांनी विन्याकाकाचं अरण्य आणि आपलं आवळीभोजन एकत्र केलं आणि पत्रकात त्याला नाव दिलं, 'आदिम वनविहार व आवळीभोजन'. स्थळ साखीरच्या वाळवंटातलं एक सरोवर. ते त्यांना ऑफिसातले मोठे साहेब अबू खलील यांनी सांगितलं होतं. आवळ्याचं झाड साखीरला नव्हतं, पण आमच्या गॅलरीत होतं, आणि कुंडीला दोन कड्या होत्या. नियम बाबांनी स्वतः लिहिले. खुर्च्या नाहीत, गॅसची शेगडी नाही, डब्यातलं अन्न नाही, बॅटरी नाही, मोबाईल नाही. अपवाद कार्यवाहांचा मोबाईल, आपत्कालीन कारणासाठी.

मंडळात पत्रकाचं जोरदार स्वागत झालं. सभेत टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी मातीच्या ओढीबद्दल भाषण केलं आणि मग आपल्याला पाठीचा त्रास असल्याचं जाहीर केलं. बाकीच्यांचे फोन पुढच्या आठवड्यात येत गेले. कुणाची शिफ्ट बदलली, कुणाच्या मुलाला सर्दी झाली, एकांनी तर संडासाची सोय कशी आहे एवढंच विचारलं आणि उत्तर ऐकून फोन ठेवला. शेवटी दोन कुटुंबं उरली. एक आमचं, आणि दुसरं मेश्रामकाका-काकूंचं. मेश्रामकाका नागपूरचे, एका कोल्ड स्टोरेजमध्ये टेक्निशियन. ते बौद्ध, त्यामुळे आवळ्याच्या पूजेशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं, आणि हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "पूजा तुमची भाऊ, वांगे माझे," ते बाबांना म्हणाले. "भरीत मी निखाऱ्यावर करतो. तुमच्या हातचं मी एकदा खाल्लं आहे." बाबांच्या एवढ्या मोठ्या उपक्रमाला ते का आले, असं मी काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, दिवसभर उणे अठरात काम करणाऱ्या माणसाला कुठेही न्या, तो हवा खायलाच येतो.

निघायच्या सकाळी आई भाकऱ्या फडक्यात बांधत होती आणि मी आवळ्याची कुंडी पुसत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी अडकले आहे. कॅम्पमध्ये मी कुरकुर केली तर बाबा म्हणणार, बघ, किती मऊ झाली आहे, हिला वसतिगृहाची गरज आहे. आणि मी सगळं हसत सहन केलं तर म्हणणार, बघ, किती कणखर आहे, वसतिगृहात सहज राहील. मी हे आईला सांगितलं. आईने फडक्याची गाठ मारली, ती ओढून पाहिली आणि म्हणाली, "लवकर कळलं तुला. मला लग्नानंतर बरीच वर्षं लागली."

या वयात मागे वळून पाहताना मला बाबांचा राग येत नाही, पण तेव्हा आलेल्या वैतागाचा एक कणही मी कमी करणार नाही. आज साखीरला कॅम्पला जायचं तर फोनवर जागा नोंदवता येते, तंबूत सोफा असतो, आणि माझ्या मुलीच्या वर्गातली पोरं तिथे पिझ्झा मागवतात. आमच्या वेळीही इथले लोक हिवाळ्यात तिथे तंबू टाकत, आणि आरामात टाकत. आदिम राहायची हौस फक्त आमच्याकडे होती.

गुरुवारी दुपारी दोन गाड्या निघाल्या. आमच्या मागच्या सीटवर मी आणि आवळा. आवळ्याला सीटबेल्ट लावला होता, कारण वळणावर तो माझ्या गालाला टोचत होता. डांबरी रस्ता संपला, तेलाच्या विहिरींचे डुलणारे पंप मागे पडले, आणि बऱ्याच धुळीनंतर सरोवर आलं. ती एक जुनी खाण होती. कुणीतरी कधीतरी बांधकामासाठी खडी काढून नेली होती आणि खड्ड्यात जमिनीतलं खारट पाणी झिरपून साचलं होतं. पाणी हिरवट होतं. काठावर बोरूसारखं गवत, एक फाटका टायर, आणि थोडं वर, खाणीच्या कडेला, एक मोठं पसरलेलं झाड. त्याच्याखाली चांगली दाट सावली होती. बाबा गाडीतून उतरले, कमरेवर हात ठेवून पाण्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वा." मेश्रामकाकांनी टायरकडे बघून विचारलं, "भाऊ, हे अमेरिकेतूनच मागवलं का?"

झाडाच्या पलीकडे अबू खलील यांचा कॅम्प होता. आम्ही दिसलो तसे ते स्वतः चालत आले. अंगात पायघोळ पांढरा थोब, पायात स्लिपर, हातात चहाचा छोटा पेला. त्यांच्या तंबूत गालिचे होते, फ्रिज होता, जनरेटर होता, डिश अँटेना होता, आणि मागच्या बाजूला फरशी बसवलेला संडास होता, हे आम्हाला नंतर कळलं. म्हणजे आईला आणि काकूंना लगेच कळलं, आम्हाला नंतर. त्यांनी आम्हाला तंबूत बोलावलं. बाबांनी नम्रपणे नकार दिला आणि प्रिमिटिव्ह कॅम्पिंगची कल्पना त्यांना इंग्रजीत समजावून सांगितली. वीज नाही, सोयी नाहीत, माणूस आणि निसर्ग. अबू खलील यांनी सगळं मन लावून ऐकलं. मग कामगारांशी बोलता बोलता शिकलेल्या हिंदीत म्हणाले, "मिस्टर प्रकाश, मेरा दादा ऐसेच रहता था. उसको पसंद नहीं था."

बाबांनी ते हसण्यावारी नेलं. सूर्य खाली जायच्या आत पूजा उरकायची होती. कुंडी पाण्याच्या काठाशी सपाट जागा बघून ठेवली. मोठ्या झाडाची सावली तिथून दहा पावलांवर होती, आणि आम्ही सगळे उन्हात, कमरेएवढ्या आवळ्याभोवती दाटीवाटीने बसलो, कारण आवळीभोजन आवळ्याखाली करायचं असतं. खाली बसून, मान तिरकी करून, कुंडीच्या एका बाजूला डोकं नेलं तर चेहऱ्यावर थोडी सावली पडत होती. ती बाबांनी घेतली. आईने हळदकुंकू वाहिलं, पाणी घातलं आणि खोडाला सूत गुंडाळायला घेतलं. सूत काट्यात अडकलं. तिने सोडवलं, पुन्हा गुंडाळलं, पुन्हा अडकलं. तिसऱ्या फेऱ्याला तिच्या बोटातून रक्त आलं आणि ते तिने तोंडात धरलं. मेश्रामकाका निखाऱ्यावर वांगी फिरवत हे सगळं बघत होते.

"वहिनी," ते म्हणाले, "एक विचारू? आवळ्याले काटे असते का?"

"या जातीला असतात," बाबा म्हणाले.

"कोणती जात भाऊ ही?"

"कोकणातली," बाबा म्हणाले. आई कोकणातली होती आणि गप्प होती.

आम्ही जेवायला बसलो. ते जेवण मला आजही आठवतं, आणि त्याबद्दल मला बाबांचे आभार मानावे लागतात, हे लिहिताना थोडा त्रास होतो. निखाऱ्यावरचं भरीत, त्यात कच्चा कांदा, हिरवी मिरची आणि वरून चरचरीत तेल. भाकऱ्या. शेंगदाण्याची चटणी. दहीभात. बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीतून आणलेल्या गोठवलेल्या आवळ्यांचं लोणचं, कारण झाडाला अजून एकही आवळा धरला नव्हता. वाळूचा कण प्रत्येक घासात होता आणि तरी मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. बाबा माझ्याकडे बघत होते. मी चौथी घेतली नाही, कारण ती कणखरपणात मोजली जाईल की लाडात, हे कळेना.

अबू खलील यांनी खजुराचं ताट पाठवलं आणि पाठोपाठ स्वतः आले. आमची पंगत बघून ते थबकले. सूत गुंडाळलेलं, कुंकू लावलेलं ते झाड त्यांनी वाकून पाहिलं. एक पान तोडलं, बोटात चुरगळलं, मग मागे वळून खाणीच्या कडेच्या मोठ्या झाडाकडे पाहिलं.

"मिस्टर प्रकाश, ये घर से क्यूं लाया? इधर बहोत है."

बाबांनी सांगितलं की हे आमच्याकडचं खास झाड आहे, पवित्र आहे, इथे मिळत नाही. अबू खलील अदबीने म्हणाले की पवित्र असेल, पण हे तेच आहे. त्यांनी बोटाने मोठं झाड दाखवलं. बकऱ्या याच्या शेंगा खातात, मग जिथे लेंड्या पडतात तिथे हे उगवतं, रस्त्याच्या कडेला, घराच्या मागे, सगळीकडे. ते मफी, म्हणजे नाहीसं, करता करता माणूस थकतो, हे जात नाही. मेश्रामकाका उठले, मोठ्या झाडाजवळ गेले, फांदी खाली ओढून पाहिली आणि परत येऊन बसले. "वेडी बाभूळ," ते म्हणाले. "आमच्याकडे नाल्यानं नाल्यानं भरली आहे. वहिनी, खतात आली असेल."

अबू खलील यांच्या जनरेटरचा आवाज येत होता. आईने कुंडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. वर्षभराचं तांदळाचं धुवण, दारात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवलेली पानं, हे सगळं तिच्या चेहऱ्यावरून सरकताना मला दिसलं. मी तिच्याजवळ सरकले. मला वाटलं होतं की निदान आता तरी बाबा काही बोलणार नाहीत.

"बघितलंस?" बाबा मला म्हणाले. ते वाईट हेतूने बोलत नव्हते, त्यांना खरोखर काहीतरी सापडलं होतं. "तू म्हणत होतीस ना, आवळा इथे वाढला तरी आवळाच राहतो? इथे लावला की आवळ्याची बाभूळ होते. माझं म्हणणं तेच होतं."

मी आयुष्यात पुढे बरेच वाद ऐकले. वाद घालणारे काही जण फार हुशार होते. पण अशी उलटी उडी मारून पुन्हा पायावर उभं राहिलेलं मी कुणाला पाहिलं नाही. मी म्हटलं की आवळ्याची बाभूळ झाली नाही, आवळा उगवलाच नाही. बाबा म्हणाले, तेच तर. मी म्हटलं, बाभूळ पहिल्यापासून बाभूळच होती. बाबा म्हणाले, आणि आपण तिला आवळा समजत राहिलो, किती मोठा धोका आहे बघ. मेश्रामकाकूंनी मला खजूर दिला आणि खुणेने खा म्हणाल्या. मे महिन्यात मी स्वतः तुला घेऊन जातो, बाबा म्हणाले. अर्जबिर्ज काही लागत नाही, तिथे माझं नाव सांगितलं की पुरे. माझ्या बाजूने ते प्रकरण त्या क्षणी खलास झालं होतं. मी ताट घेऊन काठावर गेले आणि वाळूने घासलं. ते घासताना बाबांनी पाहिलं आणि समाधानाने मान हलवली, तेव्हा मला ते ताट खाणीत फेकून द्यावंसं वाटलं.

अंधार पडला आणि सरोवरावरून डास उठले. गोड्या पाण्याचे डास मी सुट्टीत चिपळूणला पाहिले होते. हे त्यांचे मोठे भाऊ होते. कानाशी येऊन गुणगुणण्यात ते वेळ घालवत नव्हते. आईने आम्हा सगळ्यांना ओढण्या आणि चादरी वाटल्या, मेश्रामकाकांनी ओल्या गवताचा धूर केला, आणि आम्ही डोक्यावरून पांघरूण घेऊन तंबूत आडवे झालो. बाबा अजून थोडा वेळ बाहेर आकाशाखाली बसणार होते. आम्हाला बाहेरून त्यांच्या थपडा ऐकू येत होत्या, स्वतःलाच मारलेल्या. मग ते आत डोकावून म्हणाले की आपत्कालीन मोबाईल चार्ज करून ठेवायला हवा, आणि गाडीकडे गेले. गाडीचं दार लागलं. इंजिन सुरू झालं. काचा वर गेल्या. मोबाईल चार्ज होत असल्याचं त्यानंतर कुणी तपासलं नाही. मी पाठीखालचे खडे बाजूला सारले, आईच्या पाठीला पाठ लावली आणि झोपले. वैताग इतका आला होता की झोप गाढ लागली.

सकाळी उजाडल्यावर आम्ही बाहेर आलो. पाण्यावर बगळ्यांसारखे काही पक्षी उभे होते आणि हवा स्वच्छ होती, आणि मला कबूल करावं लागतं की तो खड्डा त्या उजेडात जवळजवळ सरोवरासारखा दिसत होता. गाडी बंद होती. पेट्रोल संपेपर्यंत ती एसी चालवत राहिली होती, आणि मग संपली होती. बाबा मागच्या सीटवर, आवळ्याच्या जागी, गुडघे पोटाशी घेऊन झोपले होते. त्यांच्या गालावर सीटबेल्टचा ठसा उमटला होता. मेश्रामकाकांनी काचेवर टकटक केली. बाबा उठले, चष्मा शोधला, दार उघडलं, आणि आम्हा चौघांना तिथे रांगेत उभं बघून म्हणाले, "सगळं ठीक आहे ना?"

आई अबू खलील यांच्या कॅम्पवर जाऊन आली होती. तिच्या हातात त्यांच्याकडचा थर्मास होता. तिने पेल्यात चहा ओतला, तो बाबांना दिला, आणि ते पहिला घोट घेईपर्यंत थांबली.

"पोरगी दगडावर झोपली," ती म्हणाली. "भरीत खाल्लं, ताट घासलं, कुरकुरीचं अक्षर काढलं नाही. मेश्रामवहिनी झोपल्या, मी झोपले. उठून पळालं कोण?"

"मोबाईल," बाबा म्हणाले.

"वसतिगृहाची गरज कुणाला आहे ते सगळ्यांनी बघितलं. तुम्ही जा. मी दर महिन्याला लाडू पाठवीन. ही इथेच राहील, माझ्याजवळ."

मी आईला बाबांशी इतकी वाक्यं सलग, आणि तीही समोर बघून, बोलताना पहिल्यांदा ऐकत होते. बाबांनी मेश्रामकाकांकडे पाहिलं. एका पुरुषाने दुसऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं. मेश्रामकाका चहा फुंकत होते. "वहिनी बरोबर बोलून राहिल्या भाऊ," ते म्हणाले. "ॲडमिशन तुमचीच घेऊ. अर्जबिर्ज काही लागत नाही म्हणता ना."

काकूंना हसू आवरलं नाही. मग मलाही. बाबा चहा पीत राहिले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, साखर जरा जास्त झाली आहे.

अबू खलील यांच्या माणसाने पेट्रोल आणून दिलं. परतीच्या वाटेवर बाबांनी एसी बंद ठेवला होता, काचा उघड्या. बाभूळ आम्ही परत आणली. आईला ती तिथे सोडवेना. आपल्या हाताने वाढवलंय, ती म्हणाली, नाव चुकलं म्हणून काय झालं. चार दिवसांनी जेवताना बाबांनी जाहीर केलं की सर्व बाजूंचा विचार करून त्यांनी निर्णय घेतला आहे. मी अकरावीला इथेच राहावं. साखीरला मी जो कणखरपणा दाखवला त्यावरून मला आणखी घडवण्याची गरज नाही, असं त्यांचं मत झालं होतं. आईने पोळी उलटली. मंडळाच्या पुढच्या अंकात वनविहाराचा वृत्तान्त आला. त्यात सरोवर होतं, आवळा होता, ताऱ्यांनी भरलेलं आकाश होतं. गाडी नव्हती.

मी ईसा टाउनलाच बारावी झाले. शाळा, बस, मैत्रिणी, सगळं जसं हवं होतं तसं मिळालं, आणि त्यातलं बरंचसं मी विसरून गेले. बाबा शेवटपर्यंत अधूनमधून म्हणत राहिले की मुलीला तिथे पाठवलं असतं तर तिचं वेगळंच काही झालं असतं, आणि मीही कधी कधी, वाईट दिवशी, त्यांचं बरोबर असेल का असा विचार करत असे. ते गेल्यानंतर एका हिवाळ्यात मी साताऱ्याला लग्नाला गेले होते. जाता जाता ते वसतिगृह बघावं असं मनात आलं. इमारत दगडी, साधी आणि खरंच देखणी आहे. अंगणात आंब्याची झाडं आहेत. ऑफिसात एक भले गृहस्थ होते. त्यांना मी बाबांचं नाव सांगितलं, ते त्यांना माहीत नव्हतं. मग मी म्हटलं की मीही अकरावीला इथे यायची होते, थोडक्यात राहिलं. ते गोंधळले. मला त्यांनी बाहेर नेऊन दारावरची पाटी दाखवली. पाटीवर लिहिलं होतं, 'मुलांचे वसतिगृह'. मी विचारलं, त्या 'मुलांचे'मध्ये मुली येतात का? ते म्हणाले, नाही. स्थापना झाल्यापासून एकही आलेली नाही.